मोबाईलवरचा शेती सल्ला : पारख कशी करावी?



शेतीची माहिती शेतकऱ्यापर्यंत वेळेवर पोचत नाही, ही कृषि विस्तार क्षेत्रातील अनेक वर्षांची तक्रार होती. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील गावांत आज ती फारशी ऐकू येत नाही. जून महिना लागला की एकाच शेतकऱ्याच्या मोबाईलवर एकाच दिवशी तीन-चार संदेश येऊन पडतात. एक म्हणतो, येत्या दोन दिवसांत धो धो पाऊस आहे, पेरणी उरकून घ्या. दुसरा म्हणतो, पाऊस लांबला, बियाण्याची पिशवी फोडू नका. तिसऱ्यात मक्यावरील अळीसाठी औषधाचे प्रमाण असते आणि चौथ्यात पीक विम्याची शेवटची तारीख. हे संदेश कोणी लिहिले, कधी लिहिले आणि कोणत्या भागासाठी लिहिले याचा पत्ता बहुतेक वेळा लागत नाही. अशा संदेशावर विसंबून पेरणी केली आणि संदेश चुकीचा निघाला, तर दुबार पेरणीचे बियाणे, खत आणि मजुरी यांचा भुर्दंड शेतकऱ्यालाच बसतो. संदेश पाठविणाऱ्याचे त्यात काही जात नाही.

मोबाईल, व्हॉट्सॲप, यूट्यूब या नव्या माध्यमांमुळे शेती सल्ल्याच्या व्यवहारात काय बदलले आणि त्यांचा उपयोग करून घेताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

सल्ल्याची जुनी वाट

आपल्या भागाला प्रसारणाची जुनी परंपरा आहे. निजामाच्या राजवटीत औरंगाबादला नभोवाणी केंद्र होते व १९५० मध्ये इतर संस्थानी केंद्रांबरोबर ते आकाशवाणीत सामील झाले. परंतु शेतकऱ्यांसाठी रेडिओ कसा वापरावा याचा खरा प्रयोग झाला तो १९५६ मध्ये, पुणे केंद्रावर. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे परिसरातील पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोता मंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे, एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावातील पंधरा-वीस माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि मंडळाचा चिटणीस चर्चेचा अहवाल व शंका केंद्राकडे पाठवी. त्या शंकांना पुढील कार्यक्रमांतून उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली होती. ज्या गावांत नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे फारसा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष वाचकांनी लक्षात ठेवावा. लेखाच्या शेवटी त्याचा उपयोग करावयाचा आहे.

पुढे ऐंशीच्या दशकात राज्यात प्रशिक्षण व भेट पद्धती आली. विद्यापीठातील शास्त्रज्ञ विषयतज्ज्ञांना प्रशिक्षण देत, विषयतज्ज्ञ ते ज्ञान गावपातळीवरील कार्यकर्त्याला देत आणि तो कार्यकर्ता ठरलेल्या दिवशी, पंधरवड्यातून एकदा, संपर्क शेतकऱ्याला भेटे. जोडीला 'शेतकरी' हे कृषि विभागाचे मासिक, विद्यापीठांची प्रकाशने, आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावरील 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम अशी साधने होती. १ जुलै १९९८ पासून कृषि विभागाची 'एक खिडकी' रचना अमलात आली.

या जुन्या पद्धतीचे गुणगान करण्याचे कारण नाही. संपर्क शेतकरी बहुधा रस्त्याकडेचा, बागायतीचा असे. वाडी-तांड्यावरील कोरडवाहू शेतकऱ्यापर्यंत सल्ला पोचेपर्यंत फवारणीची वेळ निघून गेलेली असे आणि निंदणी-खुरपणी करणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या भगिनींना तर त्यात स्थानच नव्हते. तरीही तिच्यात एक सोय होती. मजकूर शेतकऱ्याच्या हाती पडण्यापूर्वी दोन-तीन जाणत्या नजरांखालून जाई. शास्त्रज्ञ लिहीत असे, संपादक तपासत असे, मुद्रितशोधक 'प्रति लिटर' की 'प्रति दहा लिटर' हे मूळ प्रतीशी ताडून पाहात असे. त्यातूनही चूक राहिलीच तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापले जाई. मोबाईलवरून फिरणाऱ्या संदेशाला शुद्धिपत्र नसते. चूक झाली हे कळेपर्यंत तो शंभर गटांत गेलेला असतो व तो परत बोलावता येत नाही.

बदल कसा झाला

२१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू झाले आणि शेतकऱ्याला घरबसल्या प्रश्न विचारता येऊ लागला. २००५ मध्ये 'ॲग्रोवन' हे केवळ शेतीला वाहिलेले मराठी दैनिक निघाले. जुलै २०१३ मध्ये केंद्र शासनाच्या एम-किसान सेवेद्वारे लघुसंदेश येऊ लागले. २०१५ मध्ये दूरदर्शनची किसान वाहिनी सुरू झाली. २०१६ च्या अखेरीपासून मोबाईलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले. येथून पुढे मात्र बदलाचे स्वरूप निराळे आहे. तोपर्यंत बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक होते. आता प्रत्येक शेतकरी स्वतः छायाचित्र काढून पाठवू लागला, चित्रफीत करू लागला, गट चालवू लागला.

याचा फायदा किती मोठा असतो हे मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या वेळी दिसले. ही कीड भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. २०१९ च्या खरिपात मराठवाड्यातील मका पट्ट्याला तिचा मोठा उपद्रव झाला. कीड नवीन, शेतकऱ्यांनी कधी न पाहिलेली. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी खूण आणि शेपटीकडून दुसऱ्या वळयावर चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची ओळख छायाचित्रांच्या रूपाने घरोघरी गेली. छापील घडीपत्रिका सिल्लोड, कन्नडच्या प्रत्येक गावात पोचवायला कितीतरी अधिक दिवस लागले असते.

मात्र ज्या वाटेने ही ओळख गेली, त्याच वाटेने निरनिराळी औषधे, त्यांची मिश्रणे आणि मनाने ठरविलेली प्रमाणेही गेली. जे काम पूर्वी संपादक व विषयतज्ज्ञ करीत, ते आता संदेश हाती पडलेल्या शेतकऱ्यालाच करावे लागते. ते कसे करावे, हे काही उदाहरणांनी पाहू.

पावसाचा अंदाज

परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या ग्रामीण कृषि मौसम सेवेमार्फत आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, हवामानावर आधारित कृषि सल्ला प्रसृत होतो. त्यात समजा असे वाक्य आहे : 'छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी वादळी वारा, विजांचा कडकडाट व हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता आहे.' यातील प्रत्येक शब्दाला माप आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या क्षेत्रातील जास्तीत जास्त एक चतुर्थांश ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे चतुर्थांश ते निम्म्या, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्या ते तीन चतुर्थांश आणि त्याहून अधिक ठिकाणी असेल तर 'सर्वदूर'. 'हलका' पाऊस म्हणजे १५.५ मि.मी. पर्यंत, 'मध्यम' म्हणजे १५.६ ते ६४.४ मि.मी. आणि 'मुसळधार' म्हणजे ६४.५ मि.मी. व त्यापुढे.

हेच वाक्य तिसऱ्या-चौथ्या गटात पोचते तेव्हा 'संभाजीनगरला दोन दिवस जोरदार पाऊस' असे झालेले असते. 'तुरळक ठिकाणी' गळते, 'शक्यता' गळते आणि ज्या शब्दाने माणसाचा व जनावराचा जीव वाचायचा तो 'विजा' हा शब्दही गळतो. वैजापूर, गंगापूरकडील शेतकरी मग आकाशाकडे पाहात बसतो व हवामान खात्याला बोल लावतो. वास्तविक मूळ सल्ल्यात चारपैकी तीन ठिकाणी पाऊस न पडण्याची गोष्ट सांगितलेलीच होती.

दुसरा मुद्दा पेरणीचा. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय व जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. म्हणजे १५ मि.मी. पावसाचा अंदाज तंतोतंत खरा ठरला तरी पेरणीयोग्य पाऊस झाला असे होत नाही. अंदाज हा पुढे काय होऊ शकेल ते सांगतो. पेरणीचा निर्णय आतापर्यंत पडलेल्या पावसावर घ्यावयाचा असतो. त्यासाठी आपल्या महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद पाहावी आणि शक्य असल्यास शेतावर साधे पर्जन्यमापक बसवावे. एकाच मंडळात एका शिवारात ४० मि.मी. व दुसऱ्यात ५ मि.मी. असे आपल्याकडे नेहमी घडते.

काही मंडळी महिना-महिना आधी तारखेनिशी पाऊस सांगतात व असे अंदाज फार लोकप्रिय होतात. शेतकरी बंधूंनी एवढे जाणून घ्यावे की आठवड्यापलीकडे विशिष्ट गावात विशिष्ट तारखेला पाऊस पडेल हे खात्रीने सांगण्याचे शास्त्र आज उपलब्ध नाही. भारतीय हवामान खाते चार आठवड्यांपर्यंतचा विस्तारित अंदाज देते, पण तोही मराठवाड्यासारख्या मोठ्या विभागासाठी आणि सरासरीपेक्षा कमी की जास्त एवढ्यापुरताच असतो. दहा तारखा सांगितल्या की दोन-तीन बरोबर येतातच. त्याच लोकांच्या लक्षात राहतात.

औषधाचे प्रमाण : एका शब्दाची किंमत

मक्यावरील लष्करी अळीसाठी केलेल्या शिफारशींत इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के दाणेदार ४ ग्रॅम प्रति १० लिटर पाणी हे प्रमाण आहे. संदेश पुढे पाठविताना कोणी 'मक्याला इमामेक्टिन ४ ग्रॅम लिटरला' असे लिहिले तर औषध दहापट झाले. कोणी 'एका पंपाला ४ ग्रॅम' लिहिले तर पंप कोणता, हा प्रश्न राहिला. आपल्याकडे १०, १५, १६ व २० लिटरचे पंप आहेत. २० लिटरच्या पंपात ४ ग्रॅम टाकले तर औषध निम्मेच पडेल, अळी मरणार नाही आणि शेतकरी दुसऱ्या दिवशी त्यात आणखी एक औषध मिसळून पुन्हा फवारील. पॉवर पंपाला पाणी कमी लागते. त्याचे गणित आणखी वेगळे असते.

येथे गंमत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या घटनेचा मोबाईल संदेशांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु कीटकनाशकांची मिश्रणे, वाढविलेली मात्रा व संरक्षक साधनांचा अभाव यांचा परिणाम कुठपर्यंत जातो ते त्या वर्षी राज्याने पाहिले. म्हणून कीटकनाशकाबाबत मोबाईलवरील कोणताही संदेश हा केवळ चौकशीचे निमित्त समजावा. प्रमाण डब्यावरील लेबल व सोबतच्या माहितीपत्रकावरूनच घ्यावे. ते औषध त्या पिकावर त्या किडीसाठी नोंदणीकृत आहे काय, काढणीपूर्वी किती दिवस थांबावे, डब्यावरील त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा आहे, हे सर्व तेथे छापलेले असते. अक्षर बारीक असते हे खरे. मोबाईलने त्याचे छायाचित्र काढून मोठे करून वाचावे. या यंत्राचा असाही उपयोग आहे.

बियाण्याच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी. गटातून संपर्क साधून, पावतीशिवाय, मान्यता नसलेले कापसाचे बियाणे घेतले व ते उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करणार? परवानाधारक कृषि सेवा केंद्राची पावती, पिशवी व लेबल हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे.

छायाचित्र पाठवून निदान

'पान पिवळे पडले, उपाय सांगा' असा मजकूर व एका पानाचे अंधुक छायाचित्र, अशा स्वरूपाचे प्रश्न तज्ज्ञांकडे सर्वांत जास्त येतात. पैठण भागातील मोसंबीचे उदाहरण घ्या. जुनी, खालची पाने सरसकट फिकट पडत असतील तर नत्राची कमतरता संभवते. नवीन पाने पिवळी व शिरांचे जाळे तेवढे हिरवे असेल तर लोहाची. पाने लहान, अरुंद व शिरांमधील भाग पिवळा असेल तर जस्ताची. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह व जस्त असूनही झाडाला मिळत नाही. पण पाणी साचून मुळे कुजली किंवा बुंध्यावर डिंक्या आला तरीही झाड पिवळेच दिसते. तेव्हा लोह-जस्ताची फवारणी करून उपयोग नाही. त्या वेळी पाण्याचा निचरा व बुंध्याची देखभाल करावी लागते. एका पानावरून हे सांगणारा माणूस एक तर फार मोठा जाणकार असला पाहिजे किंवा त्याला काहीतरी विकायचे असले पाहिजे.

छायाचित्रे पाठवायचीच तर निदान चार पाठवावीत : बागेचे किंवा शेताचे दुरून, पूर्ण झाडाचे, रोगट भागाचे जवळून व पानाच्या मागील बाजूचे. बुंधा व मुळांजवळची माती दिसेल असे पाचवे घेतल्यास उत्तम. आकार कळावा म्हणून शेजारी नाणे ठेवावे. छायाचित्र सकाळच्या उजेडात काढावे. सोबत पिकाचे वय, वाण, जमिनीचा प्रकार, शेवटचे पाणी व खत केव्हा दिले, गेल्या पंधरा दिवसांत काय फवारले आणि लक्षणे सगळीकडे आहेत की ठिकठिकाणी, हे लिहावे. एवढी माहिती मिळाली तर पुष्कळदा प्रत्यक्ष भेटीशिवाय उत्तर देता येते. न मिळाली तर समोरचा अंदाजाने बोलतो.

चित्रफिती, भाव आणि फसवणूक

यूट्यूबवर शेती दाखविणारे तरुण हे आता एक नवे व्यावसायिक झाले आहेत. त्यांतील कित्येकजण मनापासून काम करतात. आल्याची गादीवाफ्यावरील लागवड, ठिबकची जोडणी, कलम बांधणे अशा हाताच्या गोष्टी पाहून जशा समजतात तशा वाचून समजत नाहीत, हे छापील मासिकानेही कबूल केले पाहिजे. परंतु त्यांच्या मिळकतीची रीत समजून घ्यावी. चित्रफीत जितके लोक पाहतील तितके जाहिरातीचे पैसे मिळतात. काहींना खत-औषध कंपन्याही मोबदला देतात. त्यामुळे 'एकरी एवढे लाख' हे शीर्षक मोठ्या अक्षरांत येते आणि त्याच एकराचा खर्च येत नाही. शिवाय दाखविणारा खरे बोलत असला तरी त्याची जमीन व पाणी आपले नसते. आपल्या जिल्ह्यात सरासरी पाऊस ७०० मि.मी.च्या आसपास, जमीन बऱ्याच ठिकाणी भारी काळी. कोल्हापूरच्या नदीकाठचा अनुभव खुलताबादच्या माळावर जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. नवीन गोष्ट प्रथम दोन-चार गुंठ्यांवर करून पाहावी.

बाजारभावाच्या संदेशात कमीत कमी, जास्तीत जास्त व सर्वसाधारण असे तीन दर असतात. समजा कांद्याचे दर १२००, २६०० व १८०० आहेत. गटात फिरतो तो २६०० चा. हा दर त्या दिवशी एखाद्याच निवडक मालाला मिळालेला असू शकतो. आपण सर्वसाधारण दर व आवक पाहावी, कालची आवकही पाहावी, त्यातून गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा करावी व मगच दूरच्या बाजाराचा विचार करावा. एवढे केले तर मोबाईलवरील भाव हे शेतकऱ्याच्या हातातील फार चांगले साधन आहे, कारण पूर्वी ही माहिती व्यापाऱ्याला आधी व शेतकऱ्याला नंतर मिळे.

जुने संदेश हीसुद्धा एक डोकेदुखी झाली आहे. राज्यात खरीप २०२३ पासून एक रुपयात पीक विमा होता. खरीप २०२५ पासून ती पद्धत बंद होऊन शेतकऱ्याने हप्त्याचा आपला हिस्सा भरावयाचा, अशी तरतूद झाली. तरीही 'एक रुपयात विमा, त्वरा करा' हा मजकूर कोणीतरी पुन्हा पाठवितो, कारण त्यावर वर्ष लिहिलेले नसते. आणि काही संदेश तर सरळ चोरीसाठीच असतात. पीएम-किसानच्या हप्त्याचे नाव देऊन 'एपीके' अशा शेवटाची फाईल व्हॉट्सॲपवर येते. ही फाईल म्हणजे ॲप असते. ती उघडून बसविली की बँकेचे गुप्त क्रमांक असलेले लघुसंदेश परस्पर चोरट्याकडे जातात व खाते रिकामे होते. ओळखीच्या माणसाकडून आली तरी अशी फाईल उघडू नये, कारण त्याचाही मोबाईल चोरट्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेत कळवावे.

माहिती देणाऱ्यांचे काम

या बदलाने माहिती देणाऱ्यांचा व्यवसायही पार बदलला. एकेकाळी तालुक्याचा वार्ताहर बातमीचे पाकीट एस.टी.च्या वाहकाकडे देई व ती दुसऱ्या दिवशी छापून येई. आता गारपिटीची चित्रफीत गारा वितळण्याआधी प्रसिद्ध होते. नुकसान किती हेक्टरवर झाले ही माहिती मात्र तितक्या लवकर तयार होत नाही, आणि घाईत आकडे फुगतात.

कृषि सहायकाच्या पदाला २०२५ पासून सहायक कृषि अधिकारी म्हणतात. त्याच्या दिवसाचा मोठा भाग छायाचित्रे व अहवाल चढविण्यात जातो आणि रात्री दहा वाजताही गटावर प्रश्न येत राहतात. कामाचा काही भाग शेतकऱ्याकडेही आला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावयाची असते. सातबाऱ्यावर स्वतःच्या हाताने पीक लावता येणे ही चांगली गोष्ट आहे, परंतु ज्याच्याकडे चांगला मोबाईल नाही किंवा शिवारात रेंज नाही, त्याला शेजाऱ्याचे तोंड पाहावे लागते. आमच्या मते गटावरील उत्तराने शिवार फेरीची जागा घेऊ नये. कार्यकर्ता बांधावर आला की न विचारलेला रोगही त्याच्या नजरेस पडतो.

यंत्रे बदलतात, गरज तीच राहते, हे वारणेच्या उदाहरणात दिसते. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्यात आली. त्यांतून जगाची माहिती मिळेल असे सांगितले गेले. प्रत्यक्षात शेतकरी तेथे मुख्यतः आपल्या उसाचे वजन व कारखान्याकडील हिशेब पाहण्यासाठी जात. पुढे सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या लघुसंदेशाने तेच काम करून पाहण्यात आले व ते कमी खर्चात झाले. आता बोलून विचारलेल्या प्रश्नाला कृत्रिम बुद्धिमत्ता मराठीत उत्तर देते. राज्याच्या कृषि विभागानेही २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे ॲप आणले. यंत्र अस्खलित बोलते म्हणून ते बरोबरच असेल असे मानू नये. औषधाच्या प्रमाणाबाबत वर सांगितलेली दक्षता येथेही लागू आहे.

गावातच मंडळ बसवा

आता १९५६ च्या श्रोता मंडळाकडे परत येऊ. तेथे नुसत्या रेडिओने फरक पडला नाही, एकत्र बसून चर्चा केल्याने पडला. आज आपण प्रत्येकजण एकेकटा, आपापल्या मोबाईलमध्ये पाहतो आणि न बोलता संदेश पुढे ढकलतो. गावात शेतकरी गट, उत्पादक कंपनी किंवा महिला बचत गट असेल तर आठवड्यातून एक तास एकत्र बसावे. बैठकीत भगिनींना आवर्जून बोलवावे, कारण अळी सर्वांत आधी त्यांनाच दिसते आणि घरातला मोबाईल बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सल्ला मोठ्याने वाचून ध्वनिसंदेशाने पाठवावा.

व्हॉट्सॲप गट चालविणाऱ्याने दोनच नियम घालावेत. ज्या संदेशावर तारीख व देणाऱ्या संस्थेचे किंवा व्यक्तीचे नाव नाही, तो गटावर टाकू नये. औषधाच्या सल्ल्याबरोबर लेबलचे छायाचित्र असलेच पाहिजे. मंडळाच्या चिटणिसाने एक वही ठेवावी. तारीख, सल्ला काय होता, कोणाकडून आला, किती जणांनी अवलंब केला आणि पंधरा दिवसांनी शेतात काय दिसले, एवढे लिहावे. एका हंगामात कोणाचा अंदाज खरा ठरतो व कोणाचा नाही, हे त्या वहीतूनच समजेल.

विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघत असल्याने बैठक शुक्रवारी सायंकाळी ठेवणे सोयीचे होईल. न सुटलेले प्रश्न शनिवारी एकत्रितपणे, वर सांगितल्याप्रमाणे छायाचित्रे व माहितीसह, पैठण रोडवरील किंवा गांधेली येथील कृषि विज्ञान केंद्राकडे पाठवावेत. मोसंबी व आंब्याचे प्रश्न हिमायतबागेतील फळ संशोधन केंद्रातही विचारता येतात. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक निःशुल्क असून सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीत उत्तर मिळते. दूरध्वनी करताना पिकाचे वय, पेरणीची तारीख व मागील फवारणीची नोंद हाताशी ठेवावी आणि मिळालेले प्रमाण उलट वाचून दाखवून खात्री करून घ्यावी.